पोटाची चरबी: हट्टी कोणती आणि घातक कोणती

दिवाळीचा फराळ संपत आला होता. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी दादा सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आला आणि चहाचा कप हातात धरून म्हणाला, "लिव्हरवर चरबी आहे म्हणे. मी तर दारूच्या थेंबालाही शिवत नाही गं." मी आईच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली, त्याला उभं केलं, श्वास सोडायला सांगितलं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप धरली. 102 सेंटिमीटर. "काहीतरीच! मी पँट छत्तीसची घालतो," तो म्हणाला. छत्तीस इंच म्हणजे साधारण 91 सेंटिमीटर. पँट तो पोटाच्या खाली बांधतो, त्यामुळे दुकानातला नंबर पोटाचा नसतोच. इंदुरातल्या निम्म्या पुरुषांचं असंच असावं.

मग मी त्याच्या पोटाची चिमटी घेतली. हातात आली ती जेमतेम दोन बोटांच्या जाडीची मऊ घडी. तिच्यामागचं पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं, चिमटीत यायला तयार नव्हतं. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि तरी हा फरक इतका स्वच्छ हाताला तेव्हाच लागला. आपण ज्याला "पोट सुटलं" म्हणतो त्यात दोन वेगळ्या चरबी असतात. त्या राहतात वेगळ्या ठिकाणी, वागतात वेगळ्या, आणि कमीही वेगवेगळ्या क्रमाने होतात. हा क्रम माहीत नसल्यामुळेच माणसं महिनाभर कष्ट करून निराश होतात आणि सोडून देतात. हा लेख मी मुख्यतः त्या क्रमासाठी लिहिते आहे.

पहिली चरबी कातडीखालची. चिमटीत येते ती ही. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास साठते. ती चिमटीत येत नाही, कारण तिच्यापुढे स्नायूंची भिंत आहे. ती वाढली की भिंत आतून बाहेर ढकलली जाते आणि पोट घट्ट, गोल दिसतं. "माझं पोट कसं टणक आहे, चरबी नाहीच" असं अभिमानाने सांगणारे काका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांनाच मला सांगावंसं वाटतं की टणक पोटाची जास्त काळजी घ्या.

आतली चरबी घातक का? आतड्यांकडून निघणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, ते आधी एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्लंही याच वाटेने पहिल्यांदा यकृतावर येऊन आदळतात. यकृत त्यातली काही स्वतःत साठवतं, तेच सोनोग्राफीतलं "फॅटी लिव्हर". काहींचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, बनवून रक्तात सोडतं. आणि या सगळ्या गर्दीत इन्सुलिनचं म्हणणं यकृताला नीट ऐकू येईनासं होतं, मग साखर वाढायला लागते. त्याशिवाय ही चरबी स्वतःच दाह वाढवणारी रसायनं सोडत असते. म्हणून दारू न पिताही यकृत चरबीने भरू शकतं. दादाचं तेच झालं होतं. सोबतच्या रक्ताच्या रिपोर्टात त्याचे ट्रायग्लिसराइड 240 होते, म्हणजे वाढलेले, आणि ती ओळ त्याने वाचलीच नव्हती.

आता प्रश्न येतो की चरबी आत जातेच का. घरातल्या माळ्याचं उदाहरण घ्या. जादा सामान आपण माळ्यावर टाकतो. कातडीखालची जागा म्हणजे शरीराचा माळा. तिथे चरबी असणं दिसायला कसंही वाटो, बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. पण माळा भरला आणि सामान येतच राहिलं, तर ते स्वयंपाकघरात, देवघरात, जिन्यात रचायची वेळ येते. आतली चरबी हे असं जागा चुकलेलं सामान आहे. आणि आपल्या भारतीय माणसांचा माळा सरासरीने लहान असावा, असं बऱ्याच संशोधनांतून दिसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट जगापुढे फार सुंदर मांडली. 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. दोघंही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाटा दोघांना एकच शेरा देत होता.

म्हणूनच आपल्याकडे कमरेची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली ठेवली आहे: पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर, बायकांसाठी 80. आणखी सोपा हिशोब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. दादाची उंची 170, म्हणजे 85 च्या आत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक लाखाहून जास्त लोकांच्या देशव्यापी 'इंडियाब' पाहणीत सुमारे 40 टक्के प्रौढांमध्ये पोटावरचा लठ्ठपणा निघाला. आणि हे काही फक्त पुरुषांचं दुखणं नाही. त्याच दिवशी वहिनी म्हणाली, "माझं वजन पाच वर्षांत दोन किलोसुद्धा वाढलं नाही, पण परकराची नाडी पुरेना झालीये." तिची कंबर 88 भरली. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं आणि आधी मांड्या-नितंबांकडे जाणारी चरबी पोटाकडे वळते. शिवाय वयाबरोबर स्नायू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते. काटा तोच राहतो, नाडी मात्र कमी पडते. नाडी खरं बोलत होती.

आता "हट्टी" या शब्दाकडे येते. चरबीच्या पेशीला दोन प्रकारची दारं असतात असं समजा. शरीराला इंधन लागलं की ॲड्रेनलिन येऊन दार वाजवतं. बीटा नावाचं दार चरबी बाहेर सोडतं, अल्फा नावाचं दार अडवून धरतं. आतल्या चरबीत सोडणाऱ्या दारांचा जोर जास्त, त्यामुळे तिथून चरबी पटकन निघते. बेंबीखालच्या, कमरेवरच्या आणि मांड्यांवरच्या कातडीखालच्या चरबीत अडवणारी दारं जास्त. म्हणून तुम्ही नेटाने आहार-व्यायाम सुरू केला की आधी वितळायला लागते आतली, घातक चरबी. आरशात दिसणारी मऊ घडी सगळ्यात शेवटी हलते. हट्टी आहे ती दिसणारी, घातक आहे ती न दिसणारी, आणि घातक तीच आधी जाते. ही किती चांगली बातमी आहे! पण आपण आरशात बघून निकाल लावतो, आणि आरशाला आतलं काही दिसत नाही.

पोटाचेच व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते हा समज तर घराघरांत आहे. दादाने आदल्या वर्षी एका जिममध्ये पैसे भरले होते. तिथे त्याला रोज शंभर क्रंचेस आणि वर घाम काढणारा पट्टा विकत दिला. पट्टा सोडला की अर्धा किलो कमी, दोन ग्लास पाणी प्यायलं की परत. ते पाणीच होतं. क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात, ते चांगलंच आहे, पण स्नायू शेजारच्या चरबीतून इंधन ओढून घेत नाही. चरबी आधी रक्तात उतरते, आणि ती साऱ्या अंगातून उतरते. 1971 साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळून त्या हाताचे स्नायू जाड झाले होते, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच निघाला.

मग चरबी जाते कुठे? वर्गात हा प्रश्न विचारला की मुलं म्हणत, घामातून, नाहीतर शौचातून. खरं उत्तर ऐकून मोठी माणसंही थबकतात. दहा किलो चरबी जळली तर त्यातली सुमारे 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे उतरलेलं पोट माणूस श्वासाने सोडतो. (नुसता जोरात श्वास घेऊन काही होत नाही, आधी शरीराने ती चरबी इंधन म्हणून जाळावी लागते.) आणि जाळण्यासाठी खाण्यातून येणारी ऊर्जा खर्चापेक्षा थोडी कमी पडावी लागते. एक किलो शरीरातल्या चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. रोज चारशे-पाचशेची तूट पडली तर कागदावर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास हिशोब येतो. प्रत्यक्षात त्याहून कमी उतरतं, कारण वजन घटलं की शरीर खर्चही आखडतं घेतं.

इथे इंदूर येतं. या गावावर माझा जीव आहे आणि पोहे सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. सांगायची गरजही नाही. इंदुरी पोहे कढईत तेलात परतलेले नसतात. भिजवलेले पोहे हळद-मीठ लावून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर ठेवलेले असतात, म्हणून ते ओलसर आणि लुसलुशीत राहतात. बडीशेप, कांदा, डाळिंबाचे दाणे, जीरावन मसाला, लिंबू, इथपर्यंत सगळं हलकं आहे. मग ठेल्यावरचा माणूस मूठभर शेव टाकतो आणि विचारतो, "और डालूँ?" तीस ग्रॅम शेवेत दीडशेच्या वर कॅलरी असतात, कारण बेसन तेल पिऊन आलेलं असतं. सोबतच्या दोन मोठ्या जिलब्या तीनशेच्या आसपास. अर्धा तास भरभर चालून एक मध्यम वजनाचा माणूस साधारण 130 ते 150 कॅलरी खर्च करतो. म्हणजे अर्धा तास चालणं त्या मूठभर शेवेतच फिटलं, जिलबी उधारीवर राहिली. दादाला मी एवढंच सांगितलं: पोहे खा, लिंबू जास्त पिळ, शेव चिमूटभर, जिलबी रविवारी. त्यापेक्षा कठीण होतं घरातल्या शेवेच्या डब्याचं. वरणावर शेव, दहीभातावर शेव, चहासोबत शेव. तो डबा वहिनीने जेवणाच्या टेबलावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला, आणि मला वाटतं निम्मं काम तिथेच झालं. हाताशी असलेलं माणूस भुकेशिवायही खातो.

तेलाचा हिशोब प्रत्येक घराने एकदा करावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या 2,000 कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम धरलं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो, तूप धरून. दादाच्या घरी तीनच माणसं, आणि वाण्याकडून महिन्याला पाच लिटरचा कॅन यायचा, तूप वेगळं. त्याच ताटात डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम आहेत आणि भाज्या 400 ग्रॅम. आपलं वरण आपण पातळ करतो. एका वाटीत जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम डाळ असते, प्रथिनं पाच-सहा ग्रॅम. तेवढ्यावर पोट भरत नाही, मग तिसरी-चौथी पोळी लागते. वरण घट्ट करा, मटकीची उसळ भाजीच्या मापाने घ्या, ताक-दही असू द्या, अंडं चालत असेल तर अंडं. प्रथिनांनी भूक जास्त वेळ थांबते, आणि वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणूनही ती लागतात. आणि साखर? दोन चमच्यांचे चार चहा म्हणजे चाळीस ग्रॅम, शिफारस पंचविसाच्या आत राहण्याची. दादाने चमचा अर्धा केला, पंधरा दिवसांत त्याला पूर्वीचा चहा गोड लागेनासा झाला.

उपवासाबद्दल बोललंच पाहिजे, कारण हल्ली सोळा तास उपाशी राहण्याची टूम आहे. त्याने फायदा होतो तो एकूण खाणं कमी झालं तर. बाकी वेळात भरपाई केली तर काही उरत नाही. आपल्याकडे म्हण आहेच, एकादशी दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. उपवास देवासाठी करायचा असेल तर तो मनोभावे करा, पोटासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. रात्रीच्या सराफ्याचंही, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजाराचंही, तेच. पाहुणे आले की आपण त्यांना दहा-अकराला सराफ्यात नेतो, भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात तळलेला गराडू कंद, वर जोशात रबडी, आणि घरी यायला एक वाजतो. खाणं तर वाढतंच, झोपही मोडते. कमी झोपलेल्या माणसाच्या शरीरात भूक वाढवणारं संप्रेरक चढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं उतरतं. पाहुणे महिन्यातून एकदा येत असतील तर आनंदाने जा. आमच्याकडे मात्र इंदूरचे जावई-सुना धरून पाहुणे दर आठवड्याला असतात.

व्यायामात चालणं पहिलं. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं, अशा वेगाने की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. चालण्याची खुबी अशी की वजन फार हललं नाही तरी आतली चरबी घटते. दादा पहाटे नेहरू पार्कला जायला लागला. पहिल्या आठवड्यात तो मित्रांबरोबर गप्पा मारत फिरायचा, तो आनंद वेगळा, पण त्याला चालणं म्हणता येत नाही. आपली जुनी शतपावली मला फार आवडते. फक्त ती शंभर पावलांवर थांबवू नका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरची उसळी खाली येते. आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ओझं हवं: बैठका, भिंतीला हात टेकून दंड, जिन्याची चढण, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठून बसण्याचे दहा-दहाचे तीन फेरे केले तरी चालेल. वहिनीला हेच जमलं, आणि तिच्या वयाला याचीच सगळ्यात जास्त गरज होती.

पहिल्या महिन्याच्या शेवटी दादाचं वजन फक्त एक किलो उतरलं होतं. आरशात पोट तसंच. तो वैतागला, "एवढं करून काय मिळालं?" मी टेप आणली. शंभर. दोन सेंटिमीटर आतून गेले होते. तेव्हापासून त्याने वहीत तारीख आणि आकडा लिहायला सुरुवात केली, दर पंधरा दिवसांनी, सकाळी, काही खाण्याआधी. सकाळ-संध्याकाळच्या पोटात गॅस आणि जेवणाने दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून वेळ एकच ठेवायची.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांकडे जावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम जेवण कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, औषधाचं माप बदलून घ्यावं लागतं. चालताना छातीत दुखत असेल तर चालणं नंतर, तपासणी आधी. पोट काही आठवड्यांतच फुगलं, किंवा हातपाय सुकत असताना पोट वाढतंय, तर ती चरबी नसून पोटात पाणी किंवा गाठ असू शकते. बाळंतपणानंतर वर्ष उलटूनही मधोमध उंचवटा राहिला तर स्नायूंच्या मधली फट रुंदावलेली असू शकते. तिथे क्रंचेस करू नयेत, फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

रंगपंचमीला दादा राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला निघाला तेव्हा त्याने आठ वर्षांपूर्वीचा पांढरा कुर्ता काढला, रंगाने खराब झाला तरी चालेल म्हणून. तो बसला. साडेचार महिन्यांत वजन 81 वरून 76.5, कंबर 96, ट्रायग्लिसराइड 170. वजनाचे पाच-साडेपाच टक्के, आणि यकृतातली चरबी हलायला साधारण तेवढे पुरतात. 85 अजून बरंच लांब आहे. परत आल्यावर अंगभर गुलाल घेऊन तो ओसरीत बसला आणि बेंबीखालची घडी चिमटीत धरून मला दाखवली. ती थोडी पातळ झाली होती, पण होती. "हिचं काय?" त्याने विचारलं. "ती शेवटी," मी म्हटलं. वहिनी आतून म्हणाली, आधी आंघोळ करा, टेपला रंग लावू नका, उद्या माझी पाळी आहे मोजायची.